सोळाव्या वर्षी थांबलेला मुलगा

गेल्या श्रावणात आम्ही ढोकीस धाकट्या बंधूंकडे चार दिवस मुक्कामास होतो. दुपारची वामकुक्षी आटोपून ओसरीवर बसलो तोच पुतणी एक जाड वही घेऊन आली. "मोठे काका, खरे सांगाल ना?" एवढेच म्हणून तिने ती आमच्या हाती ठेवली.

वहीत अर्धी लिहून झालेली एक अद्भुतरम्य कादंबरी होती. ढोकीजवळचे तेर म्हणजे सातवाहनकाळचे तगर; रोमशी व्यापार असलेली जुनी पेठ. तेथील सोळा वर्षांचा एक मुलगा कोणा सिद्धाच्या वराने अमर होतो, आणि आज दोन हजार वर्षांनी ढोकीच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसलेला आपणांस भेटतो. कल्पना आम्हांस फार आवडली. तथापि वीस पाने होताच आम्ही वही मिटली. तो मुलगा एका पानावर शाळकरी पोरासारखी टवाळी करी, तर दुसऱ्या पानावर संसाराच्या असारतेवर कीर्तन लावी. जणू एकाच सदऱ्यात दोन माणसे कोंबली होती!

हा दोष तिचा एकटीचा नव्हे. असे पात्र रंगविताना पुष्कळांचा तोल येथेच जातो. शरीराचे वय थांबविणे सोपे. पण स्मृतीचे काय करावयाचे, हे लेखकाने लेखणी उचलण्यापूर्वी ठरविले पाहिजे. बॅरी या स्कॉटिश नाटककाराने ते ठरविले होते. १९०४ साली रंगभूमीवर आलेला त्याचा पीटर पॅन कधी मोठा होत नाही, कारण तो सारे विसरतो, माणसेही विसरतो. त्याचे पोरपण खरे वाटते ते या विस्मरणामुळे, आणि तो थोडा निष्ठुर वाटतो तोही त्यामुळेच.

याच्या उलट आपला मार्कंडेय. सोळाच वर्षांचे आयुष्य घेऊन आलेला हा मुलगा शिवकृपेने मृत्यूच्या पाशातून सुटला, ही कथा घरोघर ठाऊक आहे. वनपर्वात तो हजारो वर्षांचा असूनही तरुणच दिसतो. द्वैतवनात पांडवांची दशा पाहून इतर तपस्वी खिन्न झाले असता याच्या मुखावर मात्र स्मित उमटते. युधिष्ठिर कारण विचारतो. तेव्हा मार्कंडेय सांगतो की हे हर्षाचे हसू नव्हे, तुला पाहून मला वनवासी दाशरथी राम आठवला. त्याला मी ऋष्यमूक पर्वतावर पाहिले होते. उपदेश त्यानंतर येतो. आधी येते ते हे अवेळीचे हसू, आणि अमर माणसाची ओळख पटते ती त्या हसण्यात.

पुतणीस हे पटले. पण तिची शंका निराळीच होती. "इतकी वर्षे जगल्यावर तो शहाणा व्हायलाच हवा ना?" आम्ही तिला तेरच्याच गोरोबाकाकांची गोष्ट आठवून दिली. काकांनी थापटी घेऊन संतांची डोकी ठोकून पाहिली, आणि पंढरीच्या देवाशी नित्य बोलणारे नामदेव कच्चे ठरले. ही परीक्षा करावयास सुचविणारी मुक्ताबाई तर वयाने पोर होती. फळीवर कितीही वर्षे पडून राहिले तरी कच्चे मडके कच्चेच राहते.

एवढे बोलून आमची दृष्टी सहज भिंतीवर गेली. तेथे आमच्या थोरल्या बंधूंची तसबीर आहे. १९६४ साली विषमज्वराने ते गेले, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते आणि आम्ही अकरा. तेरणेच्या पात्रात आम्हांस पोहावयास त्यांनीच शिकविले. आज आमचा नातू त्यांच्याहून मोठा आहे, आणि तरीही तसबिरीपुढे आमच्या तोंडून 'दादा' असेच निघते. बॅरीच्याही घरी असेच घडले होते. त्याचा थोरला भाऊ चौदा वर्षे पुरी होण्याआधीच १८६७ साली अपघाताने गेला. आपला हा मुलगा आता सदैव लहानच राहील, एवढेच त्या आईचे समाधान होते. आमच्या आईने असे कधी बोलून दाखविले नाही. ती सणावारी पहिली पुरणपोळी बाजूस ठेवी, इतकेच.

"समज, दादा आत्ता दारातून आत आला," आम्ही म्हणालो. "तू त्याला पोर समजून दळण आणावयास गिरणीत पिटाळशील. आम्ही बहात्तराव्या वर्षी गुडघे धरीत उठून त्याच्या पाया पडू. जेवणाच्या पंगतीत त्याचा पाट आमच्या वर मांडावयाचा की मुलांच्या ओळीत? तुझ्या कादंबरीतील अडचण ही आहे. तिच्यापुढे संसाराची असारता काय घेऊन बसलीस!"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादाकाका तुम्हांला काय हाक मारतील?"

आम्ही आमचे लहानपणचे टोपणनाव सांगितले. त्या नावाने हाक मारणारे आता कोणी उरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आम्ही तेरचे संग्रहालय पाहून आलो. परवा तिचे नवे पहिले पान टपालाने आले. जुनी वीस पाने तिने फाडून टाकली आहेत. मुलगा संग्रहालयात काचेपलीकडचे एक मातीचे खेळणे पाहत उभा आहे. पहारेकरी त्याला शाळेचे नाव विचारतो. मुलगा उत्तर देत नाही. त्या खेळण्याचा मोडलेला कान कुठे गेला, एवढेच तो विचारतो.