झाकलेले निखारे : लॅपटॉपची झोप आणि जाग

दिवाळी तोंडावर आली की गोंदिया जिल्ह्यात हलक्या धानाची कापणी सुरू होते. मळणी झाली, की सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक पिशवीत घालून शेतकरी नोंदणीसाठी खरेदी केंद्राच्या दारात उभा राहतो. माझा भाचा गोरेगाव तालुक्यातील अशाच एका केंद्रावर नोंदी घेण्याचे काम करतो. गेल्या हंगामातील एका संध्याकाळी त्याने २३ शेतकऱ्यांची नावे आणि गट क्रमांक एका साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये टिपून घेतले, लॅपटॉपचे झाकण लावले आणि बॅग पाठीला अडकवून मोटारसायकलने गोंदियाला आला. घरी बॅग उघडली तर लॅपटॉप तव्यासारखा तापलेला आणि बॅटरी पार संपलेली. चार्जर लावून सुरू केला तेव्हा ती २३ नावे गेलेली होती.

“मामा, झाकण तं लावलंच होतं ना!” एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्या २३ जणांना पुन्हा बोलवावे लागले. त्यांपैकी एक आजोबा कापणी सोडून सायकलने आले. त्यांचा दिवस का बुडाला, याचा शोध घेताना जे हाती लागले ते या लेखात मांडतो.

तो लॅपटॉप जुना आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. असे जुने पण धडधाकट यंत्र भंगारात न टाकता त्यावर लिनक्स चढवणारे अनेक जण आहेत. आम्हीही तेच केले होते. लिनक्स उत्तम चालत होते. प्रश्न होता तो फक्त झोपेचा.

झोप म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे रात्री चूल पूर्ण विझवत नसत. निखारे राखेखाली झाकून ठेवत आणि सकाळी राख बाजूला सारून फुंकणीने फुंकले की जाळ धरत असे. लॅपटॉपच्या नेहमीच्या झोपेत हेच घडते. प्रोसेसर, पडदा, डिस्क सारे बंद होते. फक्त मेमरी म्हणजे रॅम जिवंत राहते. रॅममधील माहिती अतिसूक्ष्म धारित्रांत विद्युतभाराच्या रूपाने असते आणि हा भार सतत गळत असतो. साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. झोपेतही हे काम चालू असते, म्हणून थोडी वीज लागतेच. बॅटरी संपली की निखारे विझले.

दुसरा प्रकार शीतनिद्रेचा, म्हणजे हायबरनेशनचा. यात रॅममधील सारे चित्र डिस्कवरील ‘स्वॅप’ या राखीव जागेत लिहिले जाते आणि यंत्र पूर्ण बंद होते. फळ्यावरचा हिशेब वहीत उतरवून दुकान बंद करण्यासारखे हे आहे. वीज लागत नाही, पण उघडायला वेळ लागतो.

तिसरा प्रकार अलीकडचा. त्यात प्रोसेसर बंद न होता अगदी मंद अवस्थेत बसून राहतो. लिनक्स कर्नेलमध्ये ही सोय २०१३ मध्ये ३.९ या आवृत्तीपासून आली. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये केवळ हीच झोप असते, पहिली नसतेच.

फरक आकड्यांत पाहू. समजा, बॅटरी ४० वॉट-तासांची आहे. झोपेत अर्धा वॉट लागत असेल तर ती ८० तास पुरेल. मंद झोप नीट न लागता २ वॉट जात असतील तर २० तास. आणि झोप लागलीच नाही, यंत्र १० वॉट खात राहिले, तर ४ तासांत खेळ खलास. शिवाय बंद बॅगेत वारा नाही, म्हणून उष्णता वेगळीच.

झोपायला कोण सांगते?

पूर्वी झोपेचा कारभार यंत्राच्या बायोसकडे असे. १९९२ ची एपीएम पद्धत तशी होती. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक आणले आणि सूत्रे ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती आली. आज लिनक्समध्ये झाकण पडले की ‘सिस्टमडी’चा ‘लॉगिनडी’ हा पहारेकरी, किंवा डेस्कटॉपचा स्वतःचा वीज-व्यवस्थापक, कर्नेलला झोपायला सांगतो. कर्नेल आधी डिस्कवर लिहायचे राहिलेले लिहून टाकते, मग चालू प्रोग्रॅम गोठवते, मग एकेका उपकरणाच्या ड्रायव्हरला ‘आता आवरा’ असे सांगते. शेवटी प्रोसेसर. जाग येताना हाच क्रम उलटा.

या क्रमात एका ड्रायव्हरने जरी नकार दिला, तरी कर्नेल सारा बेत रद्द करून सगळ्यांना पुन्हा जागे करते. झाकण बंद, पडदा काळा, आत मात्र सारे जागे. आमच्याकडे हेच झाले होते. ‘जर्नल-सीटीएल’ या आज्ञेने जुनी नोंदवही उघडली, तेव्हा काही उपकरणे झोपू शकली नाहीत असा स्पष्ट शेरा होता आणि त्याच्या वरच्या ओळीत वाय-फायच्या ड्रायव्हरचे नाव होते.

आम्ही काय केले?

आज्ञा टाइप करताना त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत द्याव्या लागतात. प्रथम ‘सिस’मधील ‘पॉवर’ या कप्प्यातली ‘मेम-स्लीप’ ही फाइल वाचली. तिथे ‘डीप’ आणि ‘एस-टू-आयडल’ असे दोन शब्द दिसले. ‘डीप’ म्हणजे निखाऱ्यांची झोप, दुसरी मंद झोप. चौकटी कंस ज्याच्याभोवती, ती निवडलेली. आमच्याकडे कंस ‘डीप’भोवती होता, म्हणजे निवड बरोबर होती.

मग वाय-फायचा ड्रायव्हर झोपेआधी काढून टाकणारी आणि जागे झाल्यावर पुन्हा बसवणारी चार ओळींची स्क्रिप्ट ‘सिस्टम-स्लीप’ या कप्प्यात ठेवली. त्या कप्प्यातील प्रत्येक स्क्रिप्टला झोपेआधी ‘प्री’ आणि झोपेनंतर ‘पोस्ट’ असा शब्द कळवला जातो.

यानंतर परीक्षा. ‘आरटीसी-वेक’ ही आज्ञा यंत्राला झोपवते आणि ठरवलेल्या सेकंदांनी घड्याळाच्या गजराने उठवते. ६० सेकंदांची झोप आम्ही लागोपाठ दहा वेळा घेतली. एकदा जमले म्हणजे जमले असे समजू नये. अशा खोड्या कधीतरीच उमटतात.

शेवटी झाकणाचा नियम बदलला : आधी झोप, आणि ठरावीक वेळाने आपोआप शीतनिद्रा. लॉगिनडीच्या फाइलमध्ये ‘हँडल-लिड-स्विच’ या ओळीत तशी सोय आहे. त्यासाठी डिस्कवरचा स्वॅप पुरेसा लागतो. रॅमइतका असला की निर्धास्त. रॅममध्येच बनवलेला झेडरॅम स्वॅप इथे उपयोगाचा नाही, कारण वीज गेली की तोही गेला. सिक्युअर बूट चालू असेल तर अनेक वितरणांत शीतनिद्रा अडवली जाते, हेही आधी तपासावे.

युनिक्सच्या इतर वंशजांत याच गोष्टीची रूपे वेगळी आहेत. ओपनबीएसडीमध्ये लहान लिपीतले तीन झेड टाइप केले की झोप आणि मोठ्या लिपीतले तीन झेड टाइप केले की शीतनिद्रा. घोरण्याचाच आवाज आज्ञा झाला आहे. फ्रीबीएसडीमध्ये ‘एसीपीआय-कॉन्फ’ ही आज्ञा हे काम करते.

मात्र एक गोष्ट कोणत्याही सेटिंगने सुटत नाही. झोपण्यापूर्वी कर्नेल फाइलींचे राहिलेले लेखन डिस्कवर उतरवते. पण एडिटरच्या खिडकीत टाइप केलेले आणि कधीच सेव्ह न केलेले हे कर्नेलच्या लेखी फाइलच नसते. झोप म्हणजे जतन नव्हे. निखारे कितीही नीट झाकले, तरी रात्री पाऊस आत शिरू शकतो.

आता भाचा झाकण लावण्याआधी फाइल सेव्ह करतो, एक प्रत पेनड्राइव्हवर घेतो आणि झाकण लावल्यावर पंख्याचा आवाज थांबला का, ते कान लावून ऐकतो. मगच बॅग भरतो. यंदा ते आजोबा पुन्हा नोंदणीला आले होते. त्यांनी आपले नाव पडद्यावर उमटलेले पाहिले आणि विचारले, “बाबू, औंदा राह्यते ना हे?” भाच्याने सेव्हचे बटण दाबले, आणि मग हो म्हटले.