माप एकाच अंगाचं

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका ड्रेपरीच्या दुकानात छत्रपतींचे अंगरखे एकाच दांडीला ओळीने टांगलेले असतात. बाहेरून प्रत्येकाची ऐट वेगळी. कुणाला जरीचा काठ, कुणावर बुट्टे, कुणाला गोंडे. आतून मात्र सगळे सारखे. बगलेखाली, कडेच्या शिवणीत, दोन-दोन इंच माया सोडलेली. “आज हडकुळं पोरगं न्हेतंय, उद्या ढेरीवालं,” दुकानाचे मालक सांगतात. “माया नसली की धंदा बसला.” डिसेंबरात शाळांची गॅदरिंग सुरू होतात, मागोमाग १९ फेब्रुवारीची शिवजयंती. त्या दिवसांत दांडी रिकामीच असते.

याच दुकानाच्या मागच्या खोलीत एक मुलगी दुपारची शिवायला बसते आणि भाड्याने काहीच नेत नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी आजीचं पायमशीन आहे, पण कडा बांधायला इंटरलॉक मशीन नाही, म्हणून ती इथे येते. तिच्या मांडीवर हिरव्या-काळ्या चौकड्यांचा ढीग असतो. ‘डीमन स्लेअर’ या जपानी ॲनिमेतला नायक तंजिरो अंगावर जो सैल, समोरून उघडा डगला घालतो, तो हा हाओरी. मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-ॲनिमेवेड्यांच्या मेळाव्याला, ती तो घालून जाणार आहे.

“दोनशे चाळीस तुकडे कापलोय काका,” ती मान वर न करता सांगते.

हा आकडा तिच्या तोंडात सतत असतो. कधी कौतुकाने, कधी तक्रारीने, कधी नुसता हिशेब म्हणून. १२० हिरवे, १२० काळे. तुकडा साडेचार इंचाचा, शिवल्यावर पावणेचार उरतो. ४४ इंच पन्ह्याच्या पॉपलिनमधून आडवे नऊ निघतात, म्हणजे एकेका रंगाचं पावणेदोन मीटर कापड पुरतं. इचलकरंजी तासाभराच्या अंतरावर असलेल्या गावात पॉपलिन ही काही मिळायला अवघड गोष्ट नाही. कापडाचा खर्च किरकोळ. खरा खर्च आहे तो डोळ्यांचा आणि मानेचा.

हाओरी बेतायला सोपा असतो. सरळ पट्ट्या, रुंद बाह्या, ना टक्स ना गळ्याची गोलाई. म्हणून नवशिक्या तो आधी हातात घेतात. अवघड आहे तो चौकोनांचा सांधा. आधी हिरवा-काळा, हिरवा-काळा अशा पट्ट्या शिवायच्या, मग पट्टीला पट्टी जोडायची. चार चौकोन जिथे भेटतात तिथे सुतभर जरी चुकलं, तरी ते चार हातांवरून दिसतं. यावर तिने काढलेला उपाय बघण्यासारखा आहे. प्रत्येक शिवणीची माया ती इस्त्रीने काळ्या चौकोनाच्या बाजूला पाडते. पट्टीगणिक रंग उलटसुलट येत असल्यामुळे वरच्या पट्टीतली माया डावीकडे पडते, तर खालच्या पट्टीतली उजवीकडे. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या की दोन्ही शिवणी एकमेकींना अडकून बसतात. टाचणी लावायच्या आधीच बोटाला कळतं की कोपरा जुळला. शिवाय हिरव्याखालून काळी कड दिसत नाही. ड्रेपरीचे काका त्या कोपऱ्यांवरून अंगठा फिरवतात, काहीच बोलत नाहीत, आणि पुढचा कोपरा तपासतात. आयुष्यभर शिलाई केलेल्या माणसाची ही दाद आहे, हे तिला एव्हाना कळलं आहे.

हाच हाओरी ऑनलाइन तयार मिळतो, पॉलिस्टरवर छापलेल्या चौकड्यांचा. तो मागवला असता तर हे सगळं वाचलं असतं. तिने मोबाइलवर त्याचा फोटो मोठा करून ठेवला आहे: खांद्यावरच्या शिवणीत चौकोन अर्ध्यात तुटलेला, बाहीवरची ओळ पाठीच्या ओळीपेक्षा बोटभर खाली. “ह्ये घालून स्टेजवर जायचं?” ती विचारते. या प्रश्नात थोडा माज आहे. पण तो कष्टाने कमावलेला आहे.

तंजिरोची गोष्ट घडते ती जपानच्या ताइशो काळात, म्हणजे १९१२ ते १९२६ या वर्षांत. नेमक्या याच वर्षांत कोल्हापुरात पोशाखांचा एक मोठा उद्योग उभा राहत होता. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळले होते. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला, ‘सिंहगड’ १९२३ साली. चित्रीकरणाआधी पात्रं, त्यांच्या हालचाली आणि त्यांचे पोशाख कागदावर रेखाटून घ्यायची बाबूरावांची पद्धत होती. त्यांच्याच तालमीत तयार झालेले दामले, फत्तेलाल आणि शांताराम यांनी १९२९ साली इथेच प्रभात फिल्म कंपनी काढली. ‘अयोध्येचा राजा’ही इथलाच. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली, पण ऐतिहासिक पोशाखांचा नाद कोल्हापुरातून गेला नाही. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांनी तो पुढे कित्येक दशकं टिकवला. पेठापेठांतून ड्रेपरी चालते, तिला ही पार्श्वभूमी आहे.

बाबूरावांबरोबर काम केलेल्यांत अण्णासाहेब राजोपाध्ये नावाचे एक चित्रकार होते. त्यांची मुलगी भानुमती १९२९ सालची, कोल्हापूरचीच. वडील लवकर गेले. मुलगी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली, चित्रकार म्हणून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपबरोबर तिने चित्रंही मांडली, आणि मग कापडाकडे वळली. हीच पुढची भानू अथैया. ‘आम्रपाली’ चित्रपटाच्या पोशाखांसाठी तिने अजिंठ्याची भित्तिचित्रं बघितली. १९८३ साली ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासोबत भानू अथैया यांना ऑस्कर मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पुढे २०१२ साली ते नीट जपलं जावं म्हणून त्यांनी अकादमीकडेच परत सोपवलं. मागच्या खोलीतल्या मुलीला हे नाव ठाऊक आहे. एका दृश्याचे पंचवीस स्क्रीनशॉट काढून बाहीची लांबी मनगटाच्या किती वर येते ते ती मोजते, तेव्हा ती अजिंठ्याच्या भिंतीपुढे वही घेऊन उभ्या राहिलेल्या त्या बाईंच्याच पद्धतीने काम करत असते. भिंतीऐवजी मोबाइल आहे, एवढाच फरक.

हाओरीबरोबर तलवार हवीच. कॉमिक कॉनसारख्या ठिकाणी धातूचं पातं चालत नाही, त्यामुळे पातं फोमचं. जगभरचे कॉस्प्लेवाले, म्हणजे आवडत्या पात्राचा पोशाख करून मिरवणारे, ज्या ईव्हीए फोमवर जगतात, तो चपलांच्या तळव्यांतही वापरतात. आणि चपलांचं साहित्य कोल्हापुरात शोधावं लागत नाही. तिने फोमची शीट चपलांच्या साहित्याच्या दुकानातून आणली, चिकटवायच्या सोल्युशनचा डबाही तिथूनच. पातं दोन थरांचं, मधे पीव्हीसी पाइप. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं, आणि मग एकदाच दाबायचं. एकदा चिकटलं की हलवता येत नाही. हीट गनची गरम हवा मारली की फोमची छिद्रं मिटतात, पृष्ठभाग जरा तुळतुळीत होतो. त्यावर फेव्हिकॉलचे हात, मग रंग.

सोल्युशनचा वास मात्र जात नाही. गॅलरीत, तोंडाला मास्क लावून काम केलं तरी तो केसांत राहतो, ओढणीत राहतो, आणि दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली की अंगरख्यांच्या डांबरगोळ्यांच्या वासात मिसळतो. “चपला शिवून आलीस व्हय गं?” काका विचारतात. रोज.

आजीचं मत अजून सरळ आहे: “वाकळ शिवायची तर अंगावर तरी घ्यायला झाली असती.” या टोमण्यात तथ्य आहे. एका दिवसासाठी महिनाभर खपायचं, परीक्षेच्या तोंडावर, हे कुणालाही पटवून देणं कठीण. तरी ती का खपते, हे कॉस्प्लेच्या एका जुन्या गोष्टीवरून कळतं. १९३९ साली न्यूयॉर्कच्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाला फॉरेस्ट अकरमन भविष्यकाळातल्या माणसाचा पोशाख घालून गेला आणि कॉस्प्लेचा आद्य पुरुष म्हणून पुढे मिरवला गेला. तो पोशाख शिवला होता मर्टल डग्लस हिने. ती स्वतःही तशाच पोशाखात तिथे हजर होती. शिवणारीचं नाव मागे राहिलं, घालणाऱ्याचं पुढे गेलं. आता कारागिरीच्या स्पर्धांत परीक्षक शिवण उलटी करून बघतात, काम चालू असतानाचे फोटो मागतात, काय स्वतः केलं ते विचारतात. बक्षीस मिळो न मिळो, आतली बाजू कुणीतरी बघणार आहे. मान दुखत असतानाही तिला मशीनवर बसवते ती हीच गोष्ट.

मधल्या काळात मालकांचं गणित बदललं आहे. सप्टेंबर २०२५मध्ये ‘डीमन स्लेअर’चा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट भारतातल्या थिएटरांत लागला आणि गॅदरिंगसाठी मावळा मागणारी पोरं तंजिरो मागायला लागली. एका दुपारी त्यांनी मुलीपुढे प्रस्ताव ठेवला.

“कॉमिक कॉन झालं की मला दे. तीनशे रुपयं रोज भाडं येईल बघ. निम्मं तुझं.”

“ह्यो नाही द्यायचा. माझ्या मापाचा हाय.”

“मग दुसरा शीव. दोन इंच माया सोडून.”

“काका, माया सोडायची तर कडेला आख्खी ओळ वाढते. दोनशे चाळीसमध्ये न्हाई भागायचं.”

“छापील कापड घे की मग.”

तिने मशीनवरचा पाय काढला. छापील कापडाला ती तयार नव्हती, आणि तुकडे जोडून शिवायचे तर तिने शिलाईचा जो भाव सांगितला तो काकांना मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं, पोरांना गॅदरिंगच्या स्टेजवर लांबून काय दिसणार. तिचं म्हणणं, मग अंगरख्याला खरी जर कशाला लावता. शेवटी त्यांनी आतल्या कपाटातून मांजरपाटाचा एक तागा काढून तिच्यापुढे टाकला. आधी यावर एक बाही करून दाखव, भावाचं मग बघू. तिने पन्हा मोजला, खडू घेतला आणि बाहीऐवजी आधी पाठ आखायला सुरुवात केली. कडेला माया तिने दीड इंचच धरली. अर्ध्या इंचावरून त्यांची अजून घासाघीस चालू आहे.