कोब्यावरचे लाकडी सामान आणि पायांतील ओल

आमच्या अभ्यासिकेतील पुस्तकांचे लाकडी कपाट एका पावसाळ्यानंतर भिंतीकडे कलले. सभासदांच्या वर्गणीतून घेतलेले ते कपाट. हलवून पाहिले तेव्हा मागचे दोन्ही पाय खालून भिजलेल्या पावासारखे मऊ झालेले, आणि तळच्या कप्प्यातील पाठ्यपुस्तकांना बुरशी. छतातून तर थेंबही गळला नव्हता. मग पाणी आले कोठून, असे मुलांनी विचारले. त्यासाठीच हा लेख.

कोबा दगडासारखा घट्ट दिसला तरी त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. तळमजल्यावर जमिनीतील ओल त्यांतून वर चढते. बांधताना खाली प्लास्टिकचा जाड कागद किंवा ओलरोधक थर घातला नसेल, तर ती चढतच राहते. नवा कोबाही आतून सुकायला काही महिने लागतात. वरच्या मजल्यावर मात्र मुख्य शत्रू म्हणजे फरशी पुसण्याचे पाणी.

विद्यार्थी मित्रांना केशाकर्षण ठाऊक असेलच. दिव्याच्या वातीत तेल चढते तसेच लाकडाच्या बारीक नळ्यांतून पाणी चढते. टेबल-कपाटाच्या पायात या नळ्या उभ्या असतात व त्यांची कापलेली तोंडे थेट जमिनीवर टेकतात. पायाच्या बाजूंपेक्षा या टोकातून पाणी कितीतरी वेगाने शिरते. आणि नेमके हेच टोक पुष्कळदा पॉलिशविना राहते, कारण ते कोणाला दिसत नाही! लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांखाली राहिले, तर बुरशीने लाकूड कुजत नाही. त्यापुढे धोका सुरू होतो. ओलसर जागी वाळवीही लवकर येते. सागाचा गाभा बराच टिकाव धरतो, पण बाहेरचा फिकट भाग सागाचा असला तरी कुजतो.

ओल खालून येते की काय, हे पाहण्यासाठी दीड फूट चौरस प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून जमिनीवर दोन-तीन दिवस ठेवावे. खालच्या बाजूस थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला, तर ओल जमिनीचीच.

उपाय खर्चिक नाही. सामान आडवे करून पाय वाऱ्यावर पूर्ण सुकू द्यावेत. ओल्या लाकडाला रंग देणे म्हणजे पाणी आत कोंडणे होय. मग खालचे टोक घासून ऑइल पेंट किंवा वॉर्निशचा पहिला हात पातळ द्यावा, म्हणजे तो आत मुरतो. त्यावर आणखी दोन-तीन हात, आणि बाजूंनीही दोन इंच वरपर्यंत. लाखेचे पॉलिश येथे उपयोगी नाही. ते पाण्याने पांढरे पडते. शेवटी प्रत्येक पायाखाली ग्रॅनाइटचा किंवा चकचकीत टाइलचा तुकडा ठेवावा. वाटीसारखे रबरी बूट बरेच जण बसवतात. पण त्यांत पुसण्याचे पाणी साचते व पाय त्यातच उभा राहतो. लोखंडी पत्र्याने गंजाचे डाग पडतात. भुशाच्या दाबलेल्या फळीचे टेबल असेल तर पहिल्या दिवसापासूनच टाइलवर ठेवावे. ती फळी एकदा फुगली की पूर्ववत होत नाही. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर असावे.

आमच्या कपाटाचे पाय सुताराने मऊ भाग संपेपर्यंत कापले आणि खाली ग्रॅनाइटचे तुकडे दिले. पुस्तके परत लावली आहेत. तळचा कप्पा मात्र एक पावसाळा रिकामाच ठेवणार आहोत.