मनाचा ताण आणि माणसांची साथ

मानसिक ताण ही व्यक्तीच्या अंतःकरणापुरती घटना आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणूनच ताणाने खचलेल्या माणसाला मन घट्ट करण्याचा उपदेश केला जातो. परंतु तेच संकट एकट्याने सोसणे आणि चारचौघांच्या आधाराने सोसणे यांत मोठे अंतर आहे. हे अंतर शरीरापर्यंत कसे पोहोचते, ते आपण एका उदाहरणावरून पाहू.

जपानमधील पुरुषांत हृदयविकाराचे प्रमाण अल्प होते. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जपानी वंशाच्या पुरुषांत ते बरेच अधिक आढळले. मायकेल मार्मट आणि लिओनार्ड साइम यांनी अशा ३,८०९ पुरुषांचा अभ्यास करून १९७६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जे पारंपरिक जपानी संस्कारांत वाढले व आपल्या समाजाशी जोडलेले राहिले, त्यांच्यात हे प्रमाण जपानइतकेच कमी होते. जे पाश्चात्त्य जीवनरीतीत सर्वाधिक मिसळले, त्यांच्यात ते तिपटीपासून पाचपटीपर्यंत होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल इत्यादी प्रमुख कारणांनी या फरकाचा उलगडा होईना. समूहाची निकट साथ ताणाचा आघात सौम्य करीत असावी, असे अनुमान संशोधकांनी मांडले.

यामागील शारीरिक प्रक्रिया आता परिचित आहे. भय किंवा अपमान जाणवताच शरीरात अॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात, नाडी व रक्तदाब वाढतो. क्षणिक संकटात हे उपकारक असते. परंतु वर्षानुवर्षे चालू राहिल्यास हृदयाची व रक्तवाहिन्यांची हानी होते. विश्वासाचे माणूस जवळ असल्यास ही उत्तेजना लवकर शमते.

तथापि येथे एक सावधानता आवश्यक आहे. प्रत्येक परंपरा आरोग्यदायी असते, असा याचा अर्थ नव्हे. ज्या अमेरिकेत ही पाहणी झाली, तिनेच १९४२ पासून जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना छावण्यांत कोंडले होते. समाज हा आधार देतो, तसाच तो ताणाचे उगमस्थानही होतो. आपल्याकडील जातिव्यवस्थेने माणसाला समूह दिला, परंतु त्या समूहाची पायरीही ठरवून दिली. ज्या नात्यात मान खाली घालूनच राहावे लागते, ते नाते ताण हरण करीत नाही, उलट तो रुजवते. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य व समता यांच्यासोबत बंधुतेचा आग्रह का धरला, हे या दृष्टीनेही समजून घेण्यासारखे आहे.

म्हणून खचलेल्या माणसाला दुबळा ठरविण्यापूर्वी त्याच्याभोवती कोण उरले आहे, हे आपण पाहावे. शहरात नव्याने आलेला विद्यार्थी, नोकरी गमावलेला गृहस्थ, एकाकी वृद्धा यांना वैद्यकीय उपचारांची गरज असेल तेव्हा ते मिळालेच पाहिजेत. परंतु त्यांची नियमित विचारपूस करणे व त्यांना बरोबरीच्या नात्याने आपल्यात सामावून घेणे हे कोणत्याही वैद्याच्या हाती नाही. ते कर्तव्य आपले आहे.