ज्याचा गळा, त्याची चाल

महाराष्ट्रातल्या शाळांमधून वर्षानुवर्षं म्हटल्या गेलेल्या दोन हिंदी प्रार्थना आहेत. एक ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’, दुसरी ‘हमको मन की शक्ती देना’. पहिली 1957 च्या ‘दो आँखें बारह हाथ’मधली, दुसरी 1971 च्या ‘गुड्डी’तली. ज्या मुलांनी त्या रोज म्हटल्या त्यांना चित्रपट कदाचित आठवतील, पण दोन्हींच्या चाली एकाच माणसाच्या आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तो माणूस कुडाळजवळच्या सोनवडे गावात 1912 साली जन्मलेला, दशावतार आणि कीर्तन-भजनाच्या मुलखातला. वसंत देसाई.

देसाईंच्या कारकिर्दीकडे नुसतं चित्रपटांची यादी म्हणून पाहिलं तर ती विस्कळीत वाटते. पौराणिकपट, तमाशापट, नृत्यपट, संगीत नाटक, बालगीतं, समूहगान, संस्कृत स्तोत्र. शंकर-जयकिशन किंवा सी. रामचंद्र यांचं गाणं दोन ओळींत ओळखू येतं, तसं देसाईंचं येत नाही. मला यात त्यांचा कमीपणा दिसत नाही. समोर गाणारा कोण आहे, त्याच्या गळ्यात काय आहे आणि काय नाही, इथून त्यांची चाल सुरू होते. त्यामुळे ओळखू येतो तो गाणारा.

ही नजर त्यांना ‘प्रभात’ चित्रपटकंपनीत मिळाली असावी. कोल्हापुरात ‘प्रभात’ नवी असताना ते तिथे दाखल झाले. 1930 च्या ‘खुनी खंजर’ या मूकपटात त्यांनी काम केलं. 1932 चा ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला तेव्हा त्यात ते गायलेही. पुढे कंपनी पुण्याला गेली आणि देसाई गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव यांच्या हाताखाली काम करत शिकत राहिले. हे तिघे तीन वेगळ्या वळणांचे. टेंबे हार्मोनियमचे नामवंत वादक आणि नाट्यसंगीतात मुरलेले, भोळे भावगीताच्या अंगाने विचार करणारे, कृष्णराव भास्करबुवा बखल्यांच्या तालमीतले. कोणत्याही संगीत विद्यालयात एका विद्यार्थ्याला असे तीन गुरू एका छपराखाली लाभले नसते. शिवाय कॅमेऱ्यापुढे उभं राहण्याचा, मायक्रोफोनपुढे गाण्याचा आणि वाद्यवृंद सांभाळण्याचा अनुभव त्यांच्या अंगी एकत्र आला.

1942 मध्ये व्ही. शांताराम यांनी परळला ‘राजकमल’ उभं केलं आणि देसाई त्यांच्याबरोबर गेले. पुढच्या वर्षीच्या ‘शकुंतला’पासून या जोडीचा खरा काळ सुरू होतो. ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (1946) आणि ‘दहेज’ (1950) यांचा उल्लेख करून पुढे जातो, कारण मराठी कानांसाठी अधिक मोलाचे आहेत ‘लोकशाहीर राम जोशी’ (1947) आणि ‘अमर भूपाळी’ (1951). शाहिरी कवनं आणि लावणी पडद्यावर आणताना दोन धोके होते. जुनं जसंच्या तसं ठेवलं तर शहरी प्रेक्षक कंटाळेल, आणि फार सजवलं तर ढोलकीचा जीव जाईल. देसाईंनी ढोलकी-तुणतुण्याचा ठसका राखला आणि वाद्यवृंद बेताने वापरला. ‘अमर भूपाळी’तली शाहीर होनाजीची ‘घनश्याम सुंदरा’ पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांच्या आवाजात घराघरांत पोचली. आज ती पारंपरिक भूपाळीच समजली जाते. तिला देसाईंनी दिलेल्या चालीला याहून मोठी पावती नसेल.

1955 च्या ‘झनक झनक पायल बाजे’चं शीर्षकगीत उस्ताद अमीर खाँ यांनी अडाण्यात गायलं. खाँसाहेबांचं गाणं संथ, अंतर्मुख, विलंबितात रमणारं. त्यांच्याकडून चित्रपटाच्या आरंभी काही मिनिटांत तडफदार अडाणा गाऊन घ्यायचा, आणि तोही त्यांचं गाणं बाटू न देता, हे धाडस होतं. त्याच चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात तरुण शिवकुमार शर्मांचा संतूर वाजला. तेव्हा हे वाद्य मुंबईत कुणाच्या फारसं ओळखीचं नव्हतं. चार वर्षांनी विजय भट्टांच्या ‘गूंज उठी शहनाई’त बिस्मिल्ला खाँची शहनाई, अब्दुल हलीम जाफर खाँची सतार आणि पुन्हा अमीर खाँ. कलावंत एवढे मोठे असले की संगीतकाराने मध्ये न येणं हीच कसोटी असते. 1966 च्या ‘लडकी सह्याद्री की’साठी पंडित जसराज गायले, तेही देसाईंकडेच.

आता दुसरं टोक पाहा. ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये सहा कैदी आणि खेळणी विकणारी बाई गातात. तिथे उस्तादी गाणं नाही, ताना-मुरक्यांचा अडसर नाही, ओळीनंतर श्वासाला जागा आहे. ज्यांचा गळा तयार नाही अशांना एकत्र गाता येईल असं गाणं बांधणं मला तरी अडाण्याच्या बंदिशीहून अवघड वाटतं. ‘श्यामची आई’तली (1953) ‘छडी लागे छम छम’ घ्या, किंवा ‘आशीर्वाद’मधली (1968) रेलगाडी. ती अशोककुमार स्वतः म्हणतात, आणि त्यांच्या बोलण्याचीच लय गाणं होऊन धावते. ‘गुड्डी’तली प्रार्थना तर केदारावर आधारलेली आहे. दोन मध्यमांचा हा राग विद्यार्थ्यांना शिकवताना घाम फुटतो, आणि इकडे हजारो मुलं परिपाठाला तो सहज गातात! त्याच चित्रपटात मियाँमल्हारातलं ‘बोले रे पपिहरा’ गाऊन वाणी जयराम प्रकाशात आल्या. पतियाळा घराण्याची तालीम घेतलेला तो आवाज हिंदी चित्रपटाला देसाईंनी दिला.

रंगभूमीवरचं त्यांचं काम वेगळ्या लेखाचा विषय आहे. 1960 च्या सुमारास संगीत नाटकाला पुन्हा उभारी आली, त्यात विद्याधर गोखल्यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि ‘जय जय गौरीशंकर’ यांचा वाटा मोठा, आणि दोन्हींचं संगीत देसाईंचं. बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’साठी त्यांनी कुमार गंधर्वांचा आवाज घेतला, तोही भूपाळीसारख्या साध्या रचनेला. कुमारांचे चाहते त्यांची निर्गुणी भजनं जितक्या प्रेमाने ऐकतात, तितक्याच प्रेमाने ही गाणीही ऐकतात.

23 ऑक्टोबर 1966 रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात एम. एस. सुब्बुलक्ष्मी गायल्या. शेवटी त्यांनी कांचीच्या परमाचार्यांनी रचलेलं ‘मैत्रीं भजत’ म्हटलं. विश्वमैत्रीचं हे संस्कृत पद स्वरबद्ध केलं होतं वसंत देसाईंनी. कर्नाटक संगीताच्या सर्वोच्च गळ्यासाठी कोकणातल्या माणसाने चाल बांधली आणि ती त्या गळ्यात परकी वाटली नाही. आजही दक्षिणेकडच्या अनेक मैफिलींची सांगता तिने होते.

देसाईंनी गाण्यांशिवाय उभं केलेलं काम मात्र जवळजवळ दुर्लक्षित आहे. गुलज़ारांच्या ‘अचानक’मध्ये (1973) एकही गाणं नाही, सगळा भार पार्श्वसंगीतावर आहे. चाळीस वर्षं स्टुडिओत घालवलेल्या माणसाला शांतता कुठे ठेवायची हे कळत होतं, याची साक्ष म्हणून तो चित्रपट संगीताच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावा. 22 डिसेंबर 1975 रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात देसाई गेले, तेव्हा ते 63 वर्षांचे होते आणि कामात होते. विकास देसाई आणि अरुणा राजे यांचा ‘शक’ हा त्यांनी संगीत दिलेला चित्रपट 1976 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पडद्यावर आला.