चाकांवरचें घर आणि सेवेचा मुक्काम



नव्या मुंबईंत, नेरूळच्या ज्या रस्त्यावर मी राहतों तेथें, गेल्या दिवाळीपासून एक लांबट पांढरी मोटार उभी आहे. ती शाळेची बस नव्हे, रुग्णवाहिकाहि नव्हे. तिच्या पोटांत निजण्याच्या दोन फळ्या आहेत, एक शेगडी आहे, शंभर लिटर पाण्याची टांकी आहे, पडद्याआड एक अरुंद मोरी आहे आणि पुस्तकांचा एक कप्पाहि आहे. शेजारचें एक दांपत्य, गृहस्थ बँकेंतून आणि बाई शाळेंतून निवृत्त झालेल्या, हें घर घेऊन सहा महिने महाराष्ट्रभर हिंडणार आहे. आणि नुसतें हिंडणार नाहीं, तर वाटेंत जेथें गरज दिसेल तेथें चार दिवस हातभार लावणार आहे. "देश पाहाणेंहि होईल आणि सेवाहि घडेल," असें बाई मला म्हणाल्या. हा विचार मला मनापासून आवडला. परंतु त्यांतल्या 'चार दिवस' या दोन शब्दांनीं मला माझी एक जुनी फजिती आठवली, आणि आजचें माझें भाषण बव्हंशीं त्या दोन शब्दांविषयींच आहे.

प्रथम त्या गाडीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण तिचा आणि सेवेचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे. शहरांतल्या माणसाला दिवसाकाठीं १३५ लिटर पाणी लागतें असें आपल्याकडे पाणीपुरवठ्याच्या योजना आंखतांना धरतात. आमच्या नळाला तें मोरबे धरणांतून येतें आणि नळ सोडला कीं त्याचा विचार सरतो. गाडींत शंभर लिटर दोघांना दोन-तीन दिवस पुरवावें लागतें. म्हणजे तांब्यांनीं मोजून स्नान आणि भांडीं आधीं कागदानें पुसून मग धुणें. विजेचेंहि तसेंच. इंजिनाच्या बॅटरीवर दिवे लावले तर सकाळीं गाडी सुरू होत नाहीं. म्हणून घरासाठीं दुसरी बॅटरी ठेवतात आणि टपावर सौरपट्ट बसवितात. सर्वांत नाजूक प्रश्न शौचपात्राचा. त्यांत दुर्गंधी मारण्यासाठीं जें औषध घालतात त्याचे कांहीं प्रकार असे असतात कीं, तें पात्र गांवच्या शोषखड्ड्यांत किंवा सेप्टिक टँकमध्यें ओतलें म्हणजे मैला कुजविणारे जीवाणूच मरतात. पाहुणा निघून जातो आणि यजमानाचा संडास तुंबतो. याखेरीज मूळच्या गाडींत असा फेरफार करावयाचा तर परिवहन कार्यालयाची मंजुरी घेऊन नोंदणीपत्रांत तशी नोंद करवून घ्यावी लागते, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनासाठीं स्वतंत्र धोरण जाहीर केलें. तरीहि रात्रीं गाडी कोठें लावावी हा प्रश्न प्रवासी अजून पेट्रोलपंपवाल्यालाच विचारतो.

इतकी कटकट असूनहि सेवेच्या दृष्टीनें या घराचा एक मोठा गुण आहे. आडगांवच्या संस्थेला मदतनीस हवा असतो, पण त्याला निजवावयास खोली नसते. आपलें अंथरूण, आपली शेगडी आणि आपलें पाणी घेऊन येणारा पाहुणा तिला कधींहि जड होत नाहीं. निदान होऊं नये.

मी झालों होतों, तो कसा तें सांगतों. आठ वर्षांपूर्वीं एका स्नेह्याच्या अशाच गाडींतून आम्ही तिघे घाटावरच्या एका लहानशा रुग्णसेवा संस्थेंत गेलों. तिचें नांव घेत नाहीं, कारण दोष सर्वस्वीं आमचा होता. आम्ही न कळवितां गेलों. तेथल्या व्यवस्थापक बाईंनीं आपलें काम बाजूस ठेवून आम्हांला सगळा परिसर दाखविला; त्यांत त्यांचा अर्धा दिवस गेला. दुसऱ्या दिवशीं आम्हीं काम मागितलें, तेव्हां त्यांनीं औषधांची खोली लावावयास दिली. आम्हीं मोठ्या उत्साहानें सगळ्या बाटल्या आणि डबे अकारविल्हे लावले, छायाचित्रें काढलीं आणि तिसऱ्या दिवशीं किल्ला पाहावयास निघालों. पुढें मीं आभाराचें पत्र लिहिलें, त्याच्या उत्तरांतून कळलें तें असें: औषधें मुदत संपण्याच्या क्रमानें लावलेलीं होतीं, आधीं संपणारें पुढें, मागाहून संपणारें मागें. आमची अकारविल्हे रचना मोडून तो क्रम पुन्हां लावण्यांत बाईंच्या दोन रात्री गेल्या. पत्रांत रागाचा एक शब्दहि नव्हता. शेवटीं एवढेंच होतें: "पुढच्या वेळीं आधीं पत्र टाका, आणि किती दिवस राहणार तें अवश्य लिहा."

'किती दिवस?' हा प्रश्न त्यानंतर मीं अनेक ठिकाणीं ऐकला, आणि फिरत्या सेवेचे आपल्याकडचे जे थोर दाखले आहेत ते या प्रश्नाच्या कसोटीला लावून पाहण्याची मला संवयच जडली.

गाडगे महाराजांचा मुक्काम बहुधा एका रात्रीचा असे. १९०५ सालीं त्यांनीं घर सोडलें, आणि पुढचें अर्धशतक ते रस्त्यावरच होते. गांवांत शिरावें, खराटा घेऊन रस्ते झाडूं लागावें, तें पाहून गांवकऱ्यांनीं ओशाळून आपापले खराटे आणावे, रात्रीं कीर्तन व्हावें आणि महाराजांनीं पुढची वाट धरावी. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीच्या वाटेवरच त्यांचा देह पडला. एका रात्रीचा मुक्काम येथें अपुरा पडला नाहीं, कारण हातीं घेतलेलें काम त्या दिवसांत पुरें होणारें होतें. जें पुरें होणारें नव्हतें त्यासाठीं त्यांनीं पंढरपूर, नाशिक, आळंदी येथें धर्मशाळा उभारविल्या, आणि त्या चालविणारीं माणसें तेथें बसविलीं. स्वतः मात्र बसले नाहींत.

दुसरा दाखला रुळांवरचा आहे. मुंबईच्या इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेनें भारतीय रेल्वेच्या सहकार्यानें सुरू केलेली लाइफलाइन एक्स्प्रेस ही रुग्णालयाची आगगाडी १९९१ च्या जुलै महिन्यांत मुंबईहून निघाली, आणि तिचा पहिला मुक्काम त्या वेळच्या बिहारमधील खलारी येथें पडला. डब्यांत शस्त्रक्रियेची खोली आहे. मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, पोलिओनें वांकलेले पाय यांवर तेथें विनामूल्य उपचार होतात, आणि शहरांतले शल्यवैद्य कांहीं दिवसांपुरते येऊन वेतनावांचून काम करून जातात. वैद्य बदलतात, पण गाडी एका स्टेशनांत कित्येक आठवडे उभी असते. आगगाडीसारखी आगगाडी, पण तिची कीर्ति धांवण्याची नसून थांबण्याची आहे!

बाबा आमटे यांची गोष्ट याहून मला अधिक विचार करावयास लावते. १९४९ सालीं वरोड्याजवळ आनंदवन स्थापन करणारा हा पुरुष पाठीच्या दुखण्यामुळें बसूं शकत नसे. उभें राहावें किंवा आडवें व्हावें, एवढेंच त्याला शक्य होतें. वयाची सत्तरी ओलांडल्यावर, १९८५ च्या डिसेंबरांत, कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघालेल्या 'भारत जोडो' यात्रेचें नेतृत्व त्यानें केलें. ११६ तरुण-तरुणी सायकलींवर, आणि बाबा मोटारींतल्या बिछान्यावर. पांच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर त्यांनीं काटलें. पुढें १९८८ सालीं इटानगरपासून ओखापर्यंत दुसरी यात्रा निघाली. चाकांवरचें घर म्हणावयाचें तर माझ्या माहितीप्रमाणें महाराष्ट्रानें याहून थोर असें दुसरें पाहिलेलें नाहीं. त्या तरुणांनीं देश पाहिला. पण ज्या गांवांतून ते गेले त्यांच्या पदरांत काय पडलें, असा प्रश्न तेव्हांहि कोणी विचारला असेल. माझ्या मतें बाबांनीं त्याचें उत्तर कृतीनें दिलें. १९९० सालीं ते नर्मदेकांठीं कसरावद येथें जाऊन राहिले आणि सुमारें दशकभर तेथून हलले नाहींत.

आतां आमच्या शेजाऱ्यांकडे वळतों. बाईंचा मानस वाटेवरच्या आश्रमशाळांतून चार-चार दिवस शिकविण्याचा होता. त्यांना मीं जरा स्पष्टच सांगितलें कीं, मुलें सोडून दुसरें कांहींहि घ्या. चार दिवसांत मूल लळा लावून घेतें आणि पांचव्या दिवशीं गाडी निघून जाते. असे पाहुणे महिन्यांत तीन वेळां आले म्हणजे त्या मुलाचें काय होतें याचा विचार पाहुण्याच्या मनांत येत नाहीं. कंबोडिया आणि नेपाळ या देशांत परदेशी हौशी सेवकांचा ओघ सुरू झाल्यावर अनाथालयें वाढत गेलीं, आणि चौकशी झाली तेव्हां त्यांतल्या पुष्कळ मुलांचे आईबाप हयात असल्याचें आढळून आलें. पाहुण्यांना अनाथ हवे होते, म्हणून ते निर्माण झाले. गृहस्थांना मात्र चार-आठ दिवसांत पुरें होणारें काम सहज मिळेल. बँकेंत हयात गेलेल्या माणसानें लहान संस्थेचे तुंबलेले हिशेब लावून दिले तर तिचें वर्षाचें ओझें उतरतें.

शिवाय पहिल्या कामासाठीं गाडीचा किल्लीसुद्धां फिरवावयास नको. ठाण्याच्या खाडीवर साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. २०१५ पासून खाडीच्या कांहीं भागाला अभयारण्याचा दर्जा आहे, आणि २०२२ सालीं रामसर यादींत तिचें नांव गेलें. ते गुलाबी थवे पाहावयास माणसें लांबून येतात, परंतु कांठच्या तिवरांकडे कोणी पाहात नाहीं. तिवराच्या मुळांचे कोंब चिखलांतून बोटांसारखे वर येतात, कारण चिखलांत हवा नसते आणि झाड त्या कोंबांनींच श्वास घेतें. भरतीबरोबर आलेलें प्लास्टिक त्यांवर बसलें म्हणजे झाड गुदमरतें. तें वेंचणें ओहोटीच्या दोन-तीन तासांतच साधतें. ओहोटी रोज सुमारें पाऊण तास उशीरां येते, म्हणून पंचांग पाहूनच निघावें लागतें. हें राखीव वन असल्यामुळें वनखात्याला विचारल्यावांचून आंत जाऊं नये. येथें मात्र एका सकाळची सेवाहि पुरी सेवा ठरते. वेंचलेली पिशवी वेंचलेलीच राहते.

त्यानंतर गोव्याचा रस्ता. पनवेल सोडलें कीं वासुदेव बळवंत फडक्यांचें जन्मगांव शिरढोण लागतें, पुढें कर्नाळ्याचा सुळका आणि त्याच्या पायथ्याचें पक्षी अभयारण्य, आणि त्यापलीकडे तारा गांवीं युसुफ मेहेरअली सेंटर. ज्यांच्या नांवें तें उभें आहे ते १९४२ सालीं मुंबईचे महापौर होते. तेल-साबणाच्या ग्रामोद्योगांपासून शाळांपर्यंत तेथें जें चालतें तें पाहाण्यासारखें आहे. पनवेलजवळच नेरें येथें कुष्ठरुग्णांसाठीं उभें राहिलेलें शांतिवन आहे. नेरूळपासून हें सगळें तास-दीड तासाच्या आंत.

माझें ऐकून दोघांनीं बेत पुष्कळसा बदलला आहे. बारा जिल्ह्यांची यादी तीनवर आली असून प्रत्येक ठिकाणीं निदान महिना राहावयाचें ठरलें आहे. हिंडणें रविवारीं, तेंहि मुक्कामापासून एका दिवसांत परत येतां येईल इतकेंच. संस्थांना पत्रें गेलीं आहेत. एकीकडून उत्तर आलें आहे कीं, हिशेबनीस हवा, पण मार्चच्या आधीं. बाईंना मात्र शिकविण्याचा मोह पुरता सुटलेला नाहीं. महिनाभर राहावयाचें तर आठवड्याचा एक तास मुलांना गोष्टी सांगावयास काय हरकत आहे, असें त्यांनीं मला विचारलें, आणि मला लगेच उत्तर देतां आलें नाहीं. सोसायटीच्या चिटणिसांची मोटारीच्या लांबीविषयींची तक्रार अद्याप मिटलेली नाहीं. काल सकाळीं गृहस्थ टांकी धुवून पुन्हां भरीत होते आणि प्रत्येक बादलीगणिक भिंतीवर खडूनें एक रेघ ओढीत होते.