अंगदुखीची गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात सोयाबीनच्या सोंगणीचे आणि पुढे हळदीच्या काढणीचे दिवस आले, की कंबर आणि गुडघे धरणे ओघानेच येते, आणि त्यावर मेडिकलमधून थेट गोळी आणून घेण्याची सवय ग्रामीण भागात सर्वत्र रुळलेली आहे. डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक ही औषधे कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत, याचा मात्र विसर पडतो. त्याच घरातील मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या वडीलधाऱ्या माणसाला ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ रोजची सुरू असते. या दोन गोळ्या एकत्र चालतात का, या प्रश्नाचे उत्तर त्या गोळ्यांपेक्षा त्या घेणाऱ्या माणसाच्या शरीरात अधिक शोधावे लागते.

कोलेस्टेरॉलच्या बहुतेक गोळ्या ‘स्टॅटिन’ या वर्गातील असतात. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात एका बुरशीतून या वर्गातील पहिले द्रव्य शोधले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणारे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, स्टॅटिन रोखून धरते. डायक्लोफिनॅकसारखी दाहशामक वेदनाशामके रोखतात ते विकर निराळे असून त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची, सूज व वेदना वाढवणारी द्रव्ये बनतात. ही क्रिया जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडली आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. नेहमीच्या वापरातील अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि डायक्लोफिनॅक यांचा यकृतातील निचराही मुख्यतः वेगवेगळ्या विकरांकडून होत असल्यामुळे त्यांच्यात थेट झगडा फारसा होत नाही, आणि एवढ्यावरच अनेकांचे समाधान होते.

परंतु प्रोस्टाग्लँडिन केवळ वेदनेचे वाहक नसतात. शरीरातील पाणी कमी झाले की मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी सूक्ष्म धमनी रुंद ठेवून गाळण्याचे काम चालू ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर असते, आणि वेदनाशामक गोळी नेमका हाच आधार काढून घेते. स्टॅटिन घेणाऱ्या माणसाला अनेकदा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसारखे औषध आणि सोबत लघवी वाढवणारी गोळीही दिलेली असते; पहिल्याने मूत्रपिंडातून रक्त बाहेर नेणारी धमनी सैलावते, दुसरीने शरीरातील पाणी घटते, आणि त्यात वेदनाशामकाची भर पडली की गाळणीवरचा दाब तिन्ही बाजूंनी कोसळतो. मराठवाड्यातील उन्हात दिवसभर राबून घामाने पाणी गेलेल्या शरीरात हे अधिक सहज घडू शकते. मूत्रपिंडावर डायक्लोफिनॅक काय करू शकते याची सर्वांत भीषण साक्ष भारतीय गिधाडांनी दिली आहे: हे औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. माणसाचे शरीर गिधाडाइतके नाजूक नाही, हे खरे. पण आधीच थकलेल्या मूत्रपिंडाला तेवढ्याने अभय मिळत नाही.

हृदयाची बाजूही अशीच आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये दाहशामक वेदनाशामकांवरील इशारा अधिक कडक करून, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतही वाढू शकतो, असे नमूद केले. म्हणजे जो धोका टाळण्यासाठी स्टॅटिन घेतले जाते, तोच दुसऱ्या गोळीने परत ओढवून घेतला जातो. ‘रक्त पातळ होण्याची गोळी’ म्हणून ओळखली जाणारी अल्प मात्रेची अ‍ॅस्पिरिन सोबत असेल, तर आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक प्लेटलेट या रक्तकणिकांवरील तिची जागा आधी अडवून तिचा परिणाम बोथट करते. शिवाय जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, आणि काळी, डांबरासारखी शौचास होणे ही त्याची खूण असते.

सर्वांत फसवी गोष्ट मात्र दुखण्याच्या उगमाची आहे. स्टॅटिनमुळे काही रुग्णांचे स्नायू दुखतात. असे दुखणे सांगणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत कारण ती गोळी नसते, असे मोठ्या चाचण्यांत दिसून आले आहे, आणि सोंगणीनंतरची कंबरदुखी ही बहुधा सोंगणीचीच असते. तरीही क्वचित स्नायूंच्या पेशी फुटून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडात अडकतात. सेरिव्हास्टॅटिन हे औषध याच कारणाने २००१ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले. स्नायू असे फुटतात तेव्हा दोन्ही मांड्या-दंड दुखणे, अशक्तपणा आणि कोऱ्या चहासारखी लघवी ही लक्षणे येतात. वेदनाशामक घेऊन दुखणे दाबले, तर हा इशारा ऐकू येत नाही, आणि आधीच संकटात असलेल्या मूत्रपिंडावर दुसरा घावही बसतो.

म्हणूनच रोजचे औषध सुरू असलेल्या माणसाने दुखण्यासाठी पॅरासिटामॉलचा विचार आधी करणे अधिक सुरक्षित ठरते. मात्र बाजारातील अनेक वेदनाशामक गोळ्यांत ते आधीच मिसळलेले असल्याने मात्रा नकळत दुप्पट होऊ शकते. गुडघ्यावर चोळण्याच्या मलमातून औषधाचा फार थोडा भाग रक्तात उतरतो, म्हणून तोही पर्याय उरतो. स्नायूंच्या दुखण्याची शंका आली म्हणून स्टॅटिन स्वतःहून सोडणे मात्र घातक ठरू शकते. रक्तातील क्रिएटिन कायनेज आणि क्रिएटिनिन या दोन तपासण्यांवरून डॉक्टरांना स्नायू आणि मूत्रपिंड यांची अवस्था कळते. सुट्या गोळ्या कागदात बांधून आणल्या असतील, तर आत कोणते औषध आहे हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही, त्यामुळे तपासणीला जाताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, रिकामी झालेलीसुद्धा, सोबत न्यावी लागतात.